काळा एप्रन

डॉक्टर मक्वलाने पडदा माझ्याकडे वळवला.
एकाहत्तर टक्के, म्हणाली,
हे इंजेक्शन तुला लागू पडेल, नुग्झार.
यंत्राचं म्हणणं आहे.

यंत्राला माझं वय ठाऊक, वजन,
रक्ताची एक कुपी,
कोपरांचे नऊ फोटो,
आधी फुकट गेलेली दोन औषधं.

त्याला ठाऊक नाही
की पहाटे चारला मी भट्टीत कमरेपर्यंत वाकतो,
की काळा एप्रन झटकताना
पीठ कुठलं नि मी कुठला
मलाच सांगता येत नाही.
गिऱ्हाइकांना मात्र येतं.
शोती हातात घेण्याआधी ती
माझ्या मनगटाकडे बघतात.

बायको म्हणते, गंधकाच्या हमामात जा,
तुझा बाप जायचा.
बाप जायचा. खाजवतच गेला.

एकाहत्तर.
कुणाची कातडी वाचून शिकलं हे?
परक्या गावांतली हजारो कोपरं,
आणि शंभरी एकोणतीस
ज्यांनी सोळा आठवडे सुई टोचून घेतली
नि तसेच घरी गेले.
माझ्या आकड्यात तेही बसलेत.

तसं थोडं मलाही कळतं.
भिंतीला पाव थापला
की तळहात सांगतो, हा धरेल,
हा सुटून निखाऱ्यांत पडेल.
कसं, ते विचारू नका.
चुकतोही.

बाही वर केली.
टोच, म्हटलं.

आज सहावा आठवडा.
तिबिलिसीत अजून अंधार आहे.
एप्रन दारात झटकला,
पांढरं बोटावर घेतलं,
चोरासारखं इकडेतिकडे बघून
जिभेवर ठेवलं.

पीठ.
बहुतेक पीठच.