पंचेचाळीस सेकंद

या टेकडीचं नाव सेरो काशादो,
म्हणजे अबोल.
नाव ठेवणाऱ्याला काय ठाऊक
की पुढे तिच्याच डोक्यावर मनोरा येणार
आणि ती दिवसरात्र व्हायोलिन वाजवत बसणार.

वाजवत, असं आपलं म्हणायचं.
इथे काहीच वाजत नाही.
पार तिकडे, राजधानीत,
कुणीतरी तबकडी लावतं,
संगीतकाराचं नाव असं हळू घेतं
की जणू तो शेजारच्या खोलीत झोपलाय.
ते आभाळातून येऊन पडतं माझ्या छपरावरच्या बशीत
आणि मी पुढे ढकलतो, खालच्या दरीत.
दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणं म्हणतात ना,
त्यातली ओंजळ मी.
आठवड्याला डिझेल, महिन्याला तेल,
आणि वारा.
वाऱ्याबद्दल पातागोनियात कुणी बोलत नाही,
घरातल्या माणसाबद्दल काय बोलायचं.

यंत्रात एक डबी आहे, शांतता ओळखणारी.
वीस सेकंद काही ऐकू आलं नाही
की ती धरून चालते, दुवा तुटला,
आणि आपणहून लावते राखीव टेप:
एक टँगो. तोच. मी नोकरीला लागलो तेव्हापासून.

जूनमध्ये पत्र आलं. निळी शाई, वहीचा कागद.
"महाशय,
मंगळवारी रात्री पियानो इतका हळू झाला
की मी विणकाम थांबवलं.
स्टोव्हही बंद केला, त्याची फुरफुर नको म्हणून.
बाहेर उणे नऊ होतं.
आणि नेमका तिथे तुमचा टँगो घुसला.
गप्प असणं आणि नसणं,
यातला फरक तुमच्या यंत्राला कळत नाही.
मला कळतो. चौथं वर्ष आहे.
एलुनेद रोवलँड्स,
चारशे मेंढ्या, एक विहीर, पुलाच्या अलीकडे."

पत्र जीपच्या काचेत खोचलं
आणि इंजिनिअर बाल्दिनींना फोन लावला.
ते म्हणाले, वीस म्हणजे वीस.
शिवाय त्या दरीत ऐकतं कोण?
मी मोजलं.
सेन्योरा एलुनेद.
लोकर कातरणारा कासिमिरो, पण हंगामापुरता.
शाळेचा स्वयंपाकी, तो ऑपेरा लागला की कान उपटतो रेडिओचे.
एक ट्रकवाला, नाव माहीत नाही,
घाट उतरताना मनोऱ्याकडे बघून
दोनदा दिवे मिचकावतो.
तीन, मी म्हणालो, अर्धे-अर्धे धरून.
पलीकडे शांतता.
वीसच्या आत संपली.

शनिवारी वर गेलो. टॉर्च दातात.
स्क्रू तो केवढा, तांदळाचा दाणा.
तीस. चाळीस. पंचेचाळीस.
त्यापुढे फिरतच नाही.
नोंदवहीत लिहिलं: साफसफाई.

मग ऑगस्टात बशी बर्फाने भरली
आणि दुवा खरोखरच तुटला.
मी घरी होतो, ताटात मटण, रेडिओ चालू.
सेलो एकेक पायरी वर चढत होता,
थांबला.
मीही थांबलो. घास हातात.
पाच झाले. बारा. वीस मागे पडले.
मला तरी कळायला हवं होतं,
मी पगारच त्याचा घेतो.
पण मी वाट बघत होतो
पुढचा सूर कुठल्या बाजूने येतोय त्याची.

पुलाच्या अलीकडे एका बाईने स्टोव्ह बंद केला असणार,
सुया मांडीवर.
घाटात कुणीतरी उगाचच गाडी हळू केली असणार.
पंचेचाळीस सेकंद
आम्ही सगळे एकच ऐकत होतो
आणि ते कुणीही पाठवलेलं नव्हतं.

मग टँगो.
मी बूट शोधायला उठलो.