उजेड येतोय

तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे, उद्यमबागच्या तोंडाशी
आमचं टेक्निकल हायस्कूल.
आठवीला प्रत्येकाच्या हातात एक लोखंडी तुकडा दिला,
बावन्न बाय बावन्न, कडेला कच.
तो पन्नास करायचा.
सहामाहीपर्यंत एवढंच.

हुलकोटी सरांना मराठी समजायची, बोलायचे नाहीत.
आम्हाला कानडी समजायची,
उत्तर मात्र मराठीतच निघायचं.
कानशीला ते अर म्हणत,
स्टोअरच्या वहीत ती फाइल,
आणि तिच्या एका जातीचं नावच असं
की रांगेतलं प्रत्येक पोर मोठ्यानं तीच मागायचं:
सर, बास्टर्ड द्या की!

घासून झालं की गुण्या लावायचा,
खिडकीकडे धरायचं, एक डोळा मिटायचा.
सर मागून यायचे. वाकायचे.
बेळकु बरतैति.
उजेड येतोय.
म्हणजे अजून चूक आहे.

समोरच्या इमारतीत प्रार्थनेला आम्ही रोज उजेड मागायचो.
इथं उजेड म्हणजे फट,
कानस जिथं जास्त चालली ती जागा,
लक्ष जिथं डब्याकडे गेलं ती जागा.
कानडीतला तो शब्द मी असा शिकलो, चुकीचं नाव म्हणून.
पुढं कितीतरी दिवाळ्यांत शेजारी कुणी बेळकु म्हटलं
की माझ्या तळव्याला घाम.

भरमा सांबरेकरला दोन्ही भाषांच्या शुद्धलेखनात भोपळा.
खरं
(आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात)
खरं त्याच्या हातात कानस इस्त्रीसारखी जायची,
सपाट, न डुलता.
त्याची आई शहापुरात मागावर बसायची,
तिथून आलं असेल.
त्याच्या ठोकळ्याला गुण्या लावला की काळोख.
सर काहीच बोलत नसत,
नुसते पुढच्या वाईसकडे जात.

पाट्यांवरून बंद होता त्या दिवशी
घरी जायला बस नव्हती म्हणून आम्ही घासत बसलो.
एक दगड आला.
खिडकीची वरची काच गेली, भुश्श्यावर सांडली.
हुलकोटी सर भोकाकडे बघून म्हणाले,
"बरं झालं. आता नीट दिसेल."
त्यांच्या तोंडून ऐकलेलं
हे एकच मराठी वाक्य.

परीक्षेत मी उजेडाच्या मागे लागलो.
या बाजूनं जरा, त्या बाजूनं जरा,
शेवटी गुण्या गच्च बसला, किरणसुद्धा नाही.
मग माप घेतलं:
एकोणपन्नास पॉइंट सात-दोन.
सरांनी बाकावरचा चिमूटभर कीस उचलला,
माझ्या तळहातावर ठेवला,
आणि ठोकळ्याला बोट लावून खूण केली:
लाव बघू परत.

तरी त्यांनी त्यावर माझा नंबर ठोकला. तेवीस.

बाबा मच्छ्याच्या फाउंड्रीत वाळूचे साचे भरायचे.
रात्री ठोकळा हातात घेऊन म्हणाले, कुणी ओतला?
ओतला नाही, घासला.
ते बराच वेळ अंगठा कडेवरून फिरवत राहिले.
कड धारदार होती,
खरं त्यांच्या कातड्याला काही कळलं नाही.

आता मी दुसऱ्यांची मापं तपासतो, पगारावर.
भरमा होसूरला आहे म्हणतात, कुणी म्हणतं पुण्याला.
हुलकोटी सर निवृत्त होऊन गदगकडे गेले,
शाळेत सीएनसी आलंय, काचेआड,
आकडे स्वतःच स्वतःला तपासतात.

काल रेवती तिथलाच फॉर्म भरत बसली होती.
कागद उडू नये म्हणून ठोकळा ठेवला होता,
तो तिनं उचलला,
कंपासपेटीतला प्लास्टिकचा गुण्या त्याला लावला
आणि ट्यूबलाइटकडे धरला.
कुणी शिकवलं नव्हतं.
"बाबा, उजेड येतोय."

मीही एक डोळा मिटला.
येत होता. केसाएवढा.
गंज असेल, किंवा प्लास्टिकची कड,
किंवा तेव्हाच तो तिथं होता
आणि आम्हा दोघांनाही दिसला नाही.
"खरं," मी म्हटलं,
आणि पुढचं वाक्य शोधत राहिलो.