गाठ सोडायची घाई नाही

निवृत्तीच्या कागदावर सही झाली
त्या आठवड्यात सात पांढऱ्या साड्या मोजल्या मी.
मेयोच्या बाळंतीण वॉर्डात एकतीस वर्षं नेसलेल्या,
खळ देऊन ताठ केलेल्या.
आता पांढरं नेसून गांधीबागेत गेलं
की ओळखीच्या बायका आवाज खाली आणतात :
"कधी झालं, सिस्टर?"
काही नाही झालं बाप्पा.
लग्नच नाही झालं, तर पुढचं काय होणार!

म्हणून रंग आणला.
दुकानदार म्हणे संत्री घ्या, आपल्या नागपूरचा रंग.
म्हटलं, संत्री खायला आहेत.
निळा दे. आणि तो वांग्याचा.

टांडापेठेत नळ पहाटे साडेपाचला येतो.
तोवर गच्चीवर मांडून बसले :
फुटक्या कानाची बादली, खडे मीठ, सोडा,
कूलरच्या टाकीतून उपसलेलं कालचं पाणी.
शेजारची मिताली हेडाऊ वाटीभर हरभरे घेऊन आली.
"मावशी, मोबाइलवर तं रबर लावतात."
"लाव तू रबर."
मी दोरा घेतला.

कापड चिमटीत, आत हरभरा,
भोवती चार फेरे, मग गाठ –
डाव्यावर उजवं,
उजव्यावर डावं,
आणि एक जास्तीची.
हात विचारत नाहीत आत काय आहे.
वॉर्डात वजन लिहितात, वेळ लिहितात,
मुलगा की मुलगी लिहितात.
नाळेला गाठ कुणी मारली
त्याचा रकाना नसतो.

खालच्या ओट्यावरून झिबलकाका वर बघत होते.
चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस,
आता नुसते पाय हलवतो खाटेवर, सवयीनं.
म्हणाले, "बांधलं तेवढं कोरं राह्यते, पोरी.
रंगारी रंगाचे पैसे घेत नाही,
राखल्याचे घेते."

चौथी साडी उलगडली तर पदराशी डाग.
अंगठ्याएवढा, जांभळा.
बेंबीला लावायचं ते औषध.
लाइट गेलेली, कंदील धरायला आया,
आणि कामठीची ती बाई, नाव आता नाही आठवत,
बाळ रडेना तेव्हा
बाटली सांडलेल्या ओल्या हातानं
पदर धरून बसलेली माझा.
किती वेळ.
मग रडलं.
तिनं पदर सोडला नाही तरी.

लिंबू लावून पाहिलं होतं, रॉकेल, ऊन.
खरं तर हा डागच बुडवायचा म्हणून
घेतली होती वांग्याची पुडी.
मिताली म्हणाली, "यावर जास्त टाकू?"
मी डाग चिमटीत धरला.
हरभरा नाही ठेवला आत.
दोरा इतका आवळला की बोट पांढरं पडलं.

मे महिना. नऊ वाजता गच्चीवर पाय ठरत नाही.
रंगाला ओल लागते, नाहीतर वरच्यावर बसतो
आणि पहिल्या धुण्यात निघून जातो.
दुधाच्या पिशव्यांत बोचकी बांधली,
पलंगाखाली ढकलली.
मिताली तासातासाला येऊन विचारते,
"सोडू का आता?"
"थांब."
"आता?"
"काऊन एवढी घाई? नऊ महिने कोणी थांबते, तू रात्रभर थांब."

सकाळी सोडल्या.
रबराचे गोल बरे आले, खोटं कशाला बोलू.
माझे वाकडे. दोन तर फुटलेच,
निळा आत शिरून नुसता ढग.
सगळं घर ओल्या मिठाच्या वासाचं
आणि मोरीतून निळं पाणी
नाल्याकडे, नाग नदीकडे निघालेलं.

चौथीची शेवटची गाठ कात्रीनं नाही कापली.
नखानं उकलली.
वांगी रंगात एक पांढरं, वेडंवाकडं कडं,
आणि मधोमध तो,
जसाच्या तसा.
"मावशी, हा एक वेगळाच आला. कसा केला?"

काही बोलले नाही. साडी झटकून दोरीवर टाकली.
तीच नेसून संध्याकाळी भाजी आणली.
भाजीवालीनं पैसे घेता घेता हात पाहिले माझे :
नखं जांभळी, पेरं जांभळी.
पूर्वी व्हायची तशी.
आठ दिवस जात नाहीत.