निव्वळ

पिकअपच्या पाठीवर एक पॉइंट सात लिहिलेलं असतं.
नवख्याला वाटतं, नाव असेल,
साडीला दुकानदार ठेवतो तसलं.
तसं नव्हे. सतराशे किलो उचलीन,
एवढंच ती सांगत असते, मागून येणाऱ्याला.

मी संकेश्वरात काट्यावर बसते, अकरा वर्षं.
दस्तगीर पेंटर माझ्या खिडकीसमोर दारं रंगवतो:
खाली सतराशे नव्वद,
भरून चौतीसशे नव्वद.
शून्याच्या पोटात त्याचा ब्रश जरा रेंगाळतो.
एकदा विचारलं, सरळ पस्तीसशे का नाही करत कंपनीवाले?
म्हणाला, पस्तीसशेच्या पुढं गाडीची जात बदलते,
कागद बदलतात.
म्हणून दहा किलो अलीकडंच उभी राहते शहाणी.
दहा किलो. पिशवीभर जोंधळा.
माझं माहेर गडहिंग्लजकडं. तिथं जातानाही
मध्ये कुठंतरी एवढंसंच काही असतं, आणि कागद बदलतात.

आकड्याला माल दिसत नाही.
मिरचीची पोती रचली की हौद्याचा डोंगर होतो, दोर पुरत नाही,
आणि काटा नऊशेवरच खोकत बसतो.
गुळाच्या ढेपा घातल्या तर अर्धा हौदा मोकळा
आणि खाली पाटे सपाट.
लोक म्हणतात, जागा आहे की अजून.
जागा असते.
जागेचं काही खरं नसतं.

परवा दुरदुंडी गूळ उतरवून खाली वजनाला आला.
अठराशे दहा.
मागं घे म्हटलं, पुन्हा चढव.
अठराशे दहा.
स्टेपनी तीच. डिझेल सकाळपेक्षा कमीच.
ड्रायव्हर उतर म्हणावं तर
तो उतरलेलाच, हातात चहाचा ग्लास.
मग मीच जाऊन काचेतून वाकून बघितलं:
सीटवर त्याची धाकटी, शाळेतनं उचलून आणलेली,
दप्तर उराशी,
एक बूट पायात, एक गिअरपाशी.
उठवू काय, अक्का?
मी नुसतं बोट हलवलं. नको.

मशीनला खोटं छापता येत नाही.
अठराशे दहाच छापलं, वर कन्नडात काट्याचं नाव.
पावती उलटी करून मी मराठीत लिहिलं:
पैकी वीस किलो झोप. वजा करावी.
खाली सही.

संध्याकाळी पेढीवरून फोन आला.
हा कसला माल म्हणायचा, बाई?
आणि दर काय लावू?