खडूनं शंभर

येलदरीला धरण आहे, धरणावर वीज होते,
आणि जिंतुरात सकाळपासून लाईट नाही.
अब्बांच्या गिरणीपुढं अकरा डबे रांगेत,
डबे उन्हात,
माणसं सावलीत.

मी अकरावी कॉमर्स. वहीत किलो लिहिते,
उधारी मागच्या पानावर.

कुंडलिक गुरुजींनी पेपराची घडी घातली.
म्हणाले, समजा देशाजवळ शंभर रुपये आहेत.
बोला, कुठं कुठं घालता?
खडू माझ्या हातात.
भिंतीवर ‘ज्वारी पाच, गहू सहा,
तिखट दळून मिळणार नाही’
याच्या खाली जागा होती.

आधी व्याज लिही, वीस.
‘कुणाचं व्याज? आपुन कधी घेतलं?’
गफूर टेम्पोवाल्यानं विचारलं, आणि स्वतःच
रस्त्यांना बावीस मागितले.
औंढ्याला एक खेप मारली की
टेम्पो आधी खोलावा का पाठ, कळत नाही म्हणे.

प्रल्हाद भरतीला तिसऱ्यांदा पळणार आहे.
दंडाला पट्टी, गुडघ्याला हळद.
नोकऱ्यांना चाळीस, एक पैसा कमी नाही.
आणि बायांना फुकट वाटता ते बंद करा.
शोभाकाकूंनी डबा दाणकन ठेवला:
‘गुरुजीच्या पेन्शनीला कुणी फुकट म्हणत नाही,
आमच्याच पैशाला कामून?
लिही गं, वीस.’
गुरुजी चष्मा पुसत राहिले,
मग शाळांना पंचवीस म्हणाले, जरा हळूच.

अनसूयामावशी घुगे मागं बसल्या होत्या.
‘दवाखान्याला तीस.
मशीन आलीय, दोन वर्षं पन्नीतच हाय,
चालवणारा परभणीला राहतो.
आन् तोफांना पंधरा कशाला लिहिले?
तोफ काय बाळंतपण करती?
खोड. पाच कर.’
मावशी, तुमचाच पोरगा हाय की सीमेवर!
‘म्हणून तर बोलते,’ म्हणाल्या.
मी खोडलं.

सुताराचं लेकरू, डब्यावर बसलेलं:
चंद्राला किती?
सगळे गप्प. मग गफूर म्हणाला,
दे त्याला एक रुपया.
सगळ्या यादीत तेवढ्याच एका रुपयावर
कुणी काही बोललं नाही.

बेरीज एकशे त्रेसष्ट.
गुरुजी म्हणाले, आता कमी करा.
कुणी आपला आकडा सोडीना.
एकमेकांचे मात्र सोडायला सगळे तयार.
अब्बा बाजेवरून बोलले, डोळे मिटूनच:
‘बारा घोड्याची मोटर हाय माझी.
एकदम सगळं कोंबलं तर पट्टा तुटतो, भाऊ.
देशाला पट्टा नाही काय?’
प्रल्हाद उभा राहिला,
तेवढ्यात लाईट आली.

मग फक्त तोंडं हलताना दिसली.
गुरुजींचं बोट बराच वेळ वरच होतं,
त्याच्यावर पीठ बसत गेलं.

दिवेलागणीला मावशी परत आल्या.
डब्याचं झाकण राहिलं म्हणे.
झाकण काखेतच होतं.
भिंतीकडं न बघता म्हणाल्या,
‘ते तोफांचे दहा खोडलेस ना, परत लिही.
बर्फात राहतंय लेकरू.
बूट तरी त्याच्यातूनच येत असतील.
आन् कुणाला सांगू नको, नसीम.’
मी लिहिले.
एकशे त्र्याहत्तर.

महिनाअखेरीस गिरणीचं वीजबिल आलं.
अब्बांनी दोनदा वाचलं, मग मला वाचायला लावलं.
ओलं फडकं घेऊन भिंतीशी गेले,
मला वाटलं, सगळंच पुसतात.
त्यांनी फक्त ज्वारीपुढचा पाच पुसला,
सहा लिहिला.
गव्हापुढं सात.

दुसऱ्या दिवशी त्या एका रुपयावरून
जे भांडण झालं, त्यात पहिल्यांदाच
गुरुजी, प्रल्हाद, गफूर, शोभाकाकू
सगळे एका बाजूला होते,
मावशीसुद्धा.
आणि आम्ही दोघं या बाजूला,
मोटर चालू,
कानाला रुमाल बांधून.