एलोफची तिसरी बॅटरी

पहिली त्याने मार्चअखेर बदलली,
दुसरी ईस्टरला.
तिसरी घ्यायला गेला तेव्हा दुकानदाराने म्हणे
बसवून कॉफी पाजली.

मी म्हटलं, एलोफ, बादल्या किती बदलशील?
नळाला पाणीच नाही.

बत्तीस वर्षं हेर्नोसांडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
मी तारांची गाऱ्हाणी ऐकली.
जो गप्प पडलाय त्याच्यावर
आळ घ्यायची घाई करू नये.
आधी मोजावं.

गाडी साठ सालची व्होल्वो, पाठीला पोक आलेली,
सहा व्होल्टची. सहाच.
तिचे हेडलाइट म्हणजे
दुसऱ्या खोलीत कुणी लावलेली मेणबत्ती.
बंद असताना काटा सहा पूर्णांक तीनवर.
इंजिन सुरू केलं, सहा पूर्णांक एक.
रेस कर, म्हटलं. एलोफने पाय दाबला,
गॅरेज थरथरलं, छपरावरचा उरलासुरला बर्फ घसरला,
काटा सहावर.
डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा
टक लावून आमच्याकडे बघत होता.

पट्टा दाबून पाहिला, अंगठ्याखाली बोटभर लवला, ठीक.
ब्रश काढून पाहिले. झिजलेले,
पण आम्ही दोघं तरी कुठे अख्खे होतो?
मग डायनमोची फील्डची तार सोडवली
आणि इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवली,
क्षणभरच.
हाक मारल्यासारखा काटा उठला.

"म्हणजे हा जिवंत आहे,"
एलोफ इतकं हळू म्हणाला
की मी मीटरकडेच बघत राहिले.

गाडी सिक्स्टेनची, त्याच्या थोरल्या भावाची.
तो गेल्यावर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत
एलोफने एकट्याने तिला घासलं, पुट्टी भरली, रंगवलं,
बाहेरून, आतून, बॉनेटखाली,
कुणी वाकून बघणार नाही अशा कोपऱ्यांतही
फिकट निळ्याचे दोन दोन हात.
रेग्युलेटरची काळी पेटी त्या निळ्यावर
तीन स्क्रूंनी घट्ट बसवलेली,
फोटो काढायला बसावं तशी.

पेटीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत
मी एक उसनी तार लावली.
दिवा गेला.
काढली, आला.
लावली, गेला.

आम्ही वायरवाले ह्याला अर्थ म्हणतो.
वीज नुसती येऊन भागत नाही,
तिला परत जायला उघडं लोखंड लागतं.
रंग देखणा होता, एलोफ,
तुझ्या हाताला तोड नाही.
फक्त अर्थ लागत नव्हता.

"खरवडावं लागेल," मी म्हटलं.
तो काही न बोलता बाहेर गेला.
खाडीतला बर्फ तडकत होता, लांबून, थांबून थांबून.
मला वाटलं, आता येत नाही हा.
आला तो सिक्स्टेनचा चाकू घेऊन, बर्चच्या मुठीचा.
"मी करतो. तू दिवा धर."

तीन नाण्यांएवढी तीन वर्तुळं.
निळ्याखाली करडं प्राइमर,
कडेने जुन्या हिरव्याची रेघ,
आणि मधे लोखंड, त्यावर ओरखडे,
गोल गोल, आधीचेच.
कुणीतरी हीच पेटी सोडवून
ह्याच जागी हेच करून गेलं होतं,
आणि कुणाला सांगितलं नव्हतं.
एलोफचा अंगठा त्या ओरखड्यांवरून फिरत राहिला.
मी थर्मासमधली कॉफी ओतली.
ती निवली. दुसरी ओतली.

स्क्रू आवळले. किल्ली फिरवली.
काटा सावकाश चढला
आणि सात पूर्णांक दोनवर टेकला.
तांबडा दिवा मालवला.

एलोफने पुढे वाकून काचेवर टिचकी मारली,
पुन्हा मारली.
"गुन्वोर," तो म्हणाला,
"बल्ब गेला वाटतं."