सातशे वीस

इतवारीत, सराफ्याच्या मागच्या गल्लीत,
नंदनवारांनी माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं पोट उघडलं,
सेन्सरवरची निळसर काच चिमट्यानं उचलली
आणि म्हणाले, "आता हा बिघडला जी, कायमचा.
लग्नाचे फोटो काढाले नेऊ नका."
वर एक फिल्टर दिला, सातशे वीस आकड्याचा.
उन्हासमोर धरला तर पिकल्या जांभळासारखा काळा,
आरपार काहीच नाही.

मे महिना. सेहेचाळीस.
शहर दारं लावून खसच्या वासात पडलेलं.
मी सेमिनरी हिल्सवर, डोक्याला ओला दुपट्टा,
पर्समध्ये एक कांदा.
आधी चौकट ठरवायची, मग फिल्टर फिरवून बसवायचा,
मग डोळा लावला तरी अंधारच.
अंदाजानं बटण.

"याच्यात गर्मी दिसते काय?"
गेटवरचा चौकीदार, तुमसरकडचा नेवारे, विचारतो.
नाही, गर्मी नाही. उजेडच,
पण आपल्या डोळ्याला न लागणारा.
तो टोपी काढून डोकं पुसतो.
"म्हंजे कुत्र्याले ऐकू येते न आपल्याले नाही, तसं."
हाव, तसंच.
इतकं नीट मला कुणाला सांगता आलं नव्हतं.

रात्री, घरी, लाल रंग धुऊन काढला
तेव्हा आभाळ तव्याच्या बुडासारखं,
आणि करंज पांढरा,
पांढरा म्हणजे संत्र्याच्या सालीच्या आतलं पांढरं,
थोडं मऊ, थोडं कडू.
साग अजून उघडाच होता, त्याच्या नुसत्या रेघा.
पळसाचं एकेक पान जणू आतून कुणी दिवा लावलेलं.
त्या रानात मधेच एक बाक काळा ठिक्कर:
दरवर्षी हिरवा ऑइलपेंट मारतात तो.

मग सवयच लागली.
तेलंगखेडीचं पाणी डांबरासारखं आलं.
सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यासमोरची विकतची हिरवळ कोळसा.
हायकोर्टाच्या फाटकाशी उभ्या वकिलाचा
काळा कोट आला पांढराशुभ्र.
त्यांना दाखवला. ते हसले नाहीत.

रस्ता सिमेंटचा झाला त्याला दोन वर्षं.
कडेचे पाच निंब, पाचही हिरवे,
खोडाच्या गळ्यापर्यंत सिमेंट.
तिसऱ्याखाली बेबीताई मानवटकरांची चहाची गाडी.
फोटोत चार निंब पिंजलेल्या कापसासारखे
आणि तिसरा करडा,
चुलीतली राख हातानं सारखी करावी तसा.
फिल्टर पुसला. पुन्हा काढला. पुन्हा राख.

दाखवायला नको होतं बहुतेक.
"माहा निंब काहून आजारी दाखवता?
पाहा न वर. हिरवागार हाय."
मी वर पाहिलं.
हिरवागार होता.
निंबोण्या होत्या, एक कावळा होता.
माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं,
नुसता एक करडा डाग.

पंधरा दिवसांनी गेले
तर खोडाभोवती हातभर सिमेंट फुटलेलं,
खाली काळी माती, कपबशा विसळलेल्या पाण्यानं ओली.
कुणी फोडलं, कुणाला ठाऊक नाही.
गाडीच्या खालच्या फळीवर, साखरेच्या डब्यामागे,
छिन्नीचं टोक दिसत होतं.
महापालिकेचा माणूस तिथंच उभा चहा पीत होता,
त्यालाही ठाऊक नाही.

"आता काढा," ती म्हणाली, पदर सारखा केला,
हातात ग्लास घेऊन झाडाला टेकून उभी राहिली.

तोच फोटो आज टेबलावर आहे.
झाड तसंच. कदाचित किंचित उजळ,
कदाचित मीच घरी बसून उजळवलं असेल.
बेबीताईंचा चेहरा मेणासारखा,
डोळे दोन निंबोण्या, वाळलेल्या,
मनगटावरचं आईनं काढवलेलं गोंदण
मात्र जसंच्या तसं काळं.
आणि ग्लासातला चहा दूधच दूध.

तिनं बराच वेळ पाहिला.
झाडाबद्दल काही बोलली नाही.
"एवढं दूध मी घालत नाही," म्हणाली,
"लोकं पायतीन तर भाव कमी कराले सांगतीन."